अळीचा रंग बघून कॅन्सरचं औषध सापडत नाही



रुईवरची अळी विष खाऊनही मरत नाही, उलट भडक रंगाची होते, म्हणजे रुईत कॅन्सरचं औषध आहे, चीक घ्या, असं सांगणारे लोक भेटतात. माझं मत स्पष्ट आहे. हा सल्ला जीव घेईल.

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असते, तिचंच पुढं नारिंगी फुलपाखरू होतं. रुईच्या चिकात हृदयावर घाव घालणारं विष असतं. अळी त्यातलं थोडंफार अंगात साठवते. तिचे पट्टे म्हणजे पाखरांसाठी लावलेली पाटी : मला खाऊ नका. म्हणजे तो रंग धोक्याचा, औषधाचा नव्हे.

आता उलट बाजू बघा. कॅन्सरचं औषध खरंच निघालं ते आपल्या दारातल्या सदाफुलीतून. १९५८ च्या सुमारास कॅनडात नोबल आणि बीअर हे शास्त्रज्ञ मधुमेहासाठी ती तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिनक्रिस्टिन आजही देतात.

याच सदाफुलीवर, कण्हेरीवर, तगरीवर येणारी मोठी अळी बघितली का? पानासारखी हिरवीगार, खाली लेंड्या दिसल्या तरच सापडते. मग रंगाचा नियम कुठं राहिला? हरभऱ्यातली घाटेअळी तर एकाच वावरात हिरवी पण असते आणि तपकिरी पण.

"मग सदाफुलीची पानं खाऊ का?" अजिबात नको. कित्येक क्विंटल वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं. व्हिनक्रिस्टिन मोठ्या माणसाला एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही शिरेतून, रक्त तपासून. आपण पंपात औषध टाकताना मापानं टाकतो ना? मग माणसाच्या अंगात अंदाजानं कसं टाकायचं?

अळी बघा, फोटो काढा, कोणत्या झाडावर होती ते लिहून ठेवा. अभ्यासाला उपयोगी पडेल. पण घरात कुणाला गाठ आली, न भरणारी जखम झाली, तर काढ्यात महिने घालवू नका. आधी दवाखाना गाठा.