गिटारच्या पायाखालचा डबा

मैत्रिणींनो, घरात एखादं नवं खूळ शिरलं, की त्याची पहिली चाहूल गृहिणीलाच लागते. शिवणाच्या कात्रीला तार कापल्याच्या खाचा पडतात, बिस्किटांचा रिकामा डबा न विचारता नाहीसा होतो आणि बंद दाराआडून राळ जळल्यासारखा वास येऊ लागतो. चौकशी करावी तर आतून उत्तर येतं, "आई, पेडल करतोय!" आता सायकलचं पेडल खोलीत कसं होणार, असं तुमच्या मनात येईल. पण हे पेडल सायकलचं नव्हे, गिटारचं.

गिटार शिकणारी मुलं-मुली हल्ली लहान गावांतूनही दिसतात. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गिटार असते, त्यांना आज ना उद्या या डब्याचा ध्यास लागतो. गिटारची वायर थेट अँप्लिफायरला न जोडता आधी एका लहानशा धातूच्या डब्यात जाते आणि तिथून दुसऱ्या वायरीने अँप्लिफायरकडे. डब्यावरचं बटण पायाने दाबायचं, म्हणून नाव पेडल. साधं वरण तेच, पण वरून हिंगमोहरीची फोडणी पडली की चव पालटते ना? तशी ही आवाजाला दिलेली फोडणी. कुठलं पेडल आवाज मोठा करतं, कुठलं खरखरीत करतं, तर कुठलं विहिरीत हाक मारल्यासारखा पडसाद देतं.

रेडिओ खरखरला की आपण तो दुरुस्तीला देतो. ही मंडळी खरखर मुद्दाम मागून घेतात! गंमत म्हणजे या आवाजाचा जन्मही एका बिघाडातूनच झाला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली ते गाणं गाजलं. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तसा आवाज देणारं सर्किट तयार केलं, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकायला काढलं. पुढे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यातून तो आवाज जगभर पोचला. त्या डब्यात होतं काय? तीन ट्रान्झिस्टर, दोन साधे सेल आणि थोडं किरकोळ सामान.

म्हणूनच हे घरी करता येतं. परदेशी बनावटीचं तयार पेडल घ्यायचं तर काही हजार रुपये मोजावे लागतात. सुटे भाग आणले तर साधं पेडल काही शेकड्यांत होतं. पण पैशांपेक्षा मोठा प्रश्न घरातल्या शांततेचा असतो. वडील म्हणतात, दहावीच्या वर्षी ही थेरं कशाला. आजी म्हणते, घर पेटवेल एखादे दिवशी. आणि करणारा जर मुलगा नसून मुलगी असेल, तर "तापती सळई हातात घेऊन बसते, हाताला डाग पडला म्हणजे?" हेही ऐकावं लागतं. मधल्यामध्ये निकाल द्यायची वेळ येते ती आईवर.

माझं म्हणणं असं, की करू द्यावं; पण घराच्या अटींवर. नुसतं 'नको' म्हटलं तर काम थांबत नाही, ते गच्चीवर किंवा मित्राच्या घरी जातं, आणि तिथे अटी घालायला कुणी नसतं. अटी घालायच्या तर आधी काम कसं चालतं ते आपल्याला माहीत हवं. म्हणून आज पाककृतीसारखीच ही कृती देते.

साहित्य: बीसी ५४९ जातीचा ट्रान्झिस्टर १, रेझिस्टर चार – ४७० के, ४७ के, १० के आणि ३९० ओहम, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर २. आवाज कमीजास्त करायचा १०० केचा पॉट १. १ एन ४१४८ डायोड २. गिटारच्या पिनचे जॅक २ (त्यांतला आत येण्याच्या बाजूचा स्टिरिओ घ्यावा). ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप. भोकांचा लहान बोर्ड, वायर आणि ॲल्युमिनियमचा डबा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत हे सगळं मिळतं. यादी लिहून द्यावी, म्हणजे दुकानदाराचाही वेळ जात नाही.

कृती: बॅटरीच्या लाल तारेला ४७० के आणि १० के यांचं एकेक टोक जोडावं. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. मधल्या बेसला ४७० केचं दुसरं टोक, ४७ केचं एक टोक आणि गिटारकडून येणारा पहिला कपॅसिटर जोडावा. ४७ केचं दुसरं टोक 'ग्राउंड'ला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक तारेला. एमिटरपासून ३९० ओहममधून ग्राउंड. कलेक्टरला १० केचं दुसरं टोक आणि दुसरा कपॅसिटर. त्या कपॅसिटरचं उरलेलं टोक पॉटच्या एका कडेला, पॉटची दुसरी कड ग्राउंडला आणि मधला पाय बाहेर जाणाऱ्या जॅकला. बॅटरीची काळी तार स्टिरिओ जॅकच्या मधल्या पट्टीला जोडली, की गिटारची पिन आत असेपर्यंतच बॅटरी खर्च होते. पिन काढून ठेवायची सवय मात्र लावायला हवी.

एवढं झालं की आवाज मोठा करणारा डबा तयार. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने एका ट्रान्झिस्टरचं 'एलपीबी-१' हे पेडल काढलं, त्याच्याच जातीचा हा. खरखर हवी असेल, तर दुसरा कपॅसिटर आणि पॉट जिथे मिळतात तिथून ग्राउंडपर्यंत दोन्ही डायोड उलटसुलट तोंडांनी लावावेत. आवाजाच्या लाटांचे शेंडे ते कापून टाकतात. शेंडे कापलेला आवाज कानाला खरखरीत लागतो. पहिल्या डब्याला पायाचा स्विच नसला तरी चालतं.

आता डाग लावण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं. कल्हईवाला भांडं आधी तापवून घ्यायचा आणि मग कथील फिरवायचा, हे तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. इथेही तेच. आधी जोड तापवायचा, मग त्याला तार टेकवायची. कथील आपोआप पसरतं. नुसत्या तापल्या टोकावर थेंब घेऊन तो जोडावर चोपडला, तर वरून चांगला दिसतो पण आतून सुटा राहतो. पेडल चाललं नाही, तर बहुतेक वेळा दोष असल्या कच्च्या डागाचाच निघतो. २५ वॅटची सळई या कामाला पुरते.

आणि आता घराच्या अटी. यांत सूट देऊ नका.

पहिली अट: काम फक्त बॅटरीवर. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावणारं काहीही घरी करायचं नाही. सळई प्लगला लागते तेवढाच विजेशी संबंध. जुना अँप्लिफायर उघडून पाहण्याचा मोह तर मुळीच नको. विशेषतः व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल इतका दाब साठून राहू शकतो.

दुसरी अट: स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल वर्ज्य. '६०/४०' म्हणून मिळणाऱ्या कथलाच्या तारेत १०० भागांत ४० भाग शिसं असतं. ते पोटात जातं हाताला लागून. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि पोटातल्या बाळालाही ते घातक असतं. म्हणून काम करताना खाणं-पिणं नाही, तार दातात धरायची नाही, उठल्यावर हात साबणाने धुवायचे आणि टेबल ओल्या फडक्याने पुसून ते फडकं वेगळं ठेवायचं. घरात रांगतं मूल किंवा गरोदर सून असेल, तर बिनशिशाची तार आणायला सांगा. ती जरा जास्त तापवावी लागते, इतकंच.

तिसरी अट: खिडकी उघडी. जो धूर दिसतो तो मुख्यतः राळेचा असतो. दमेकऱ्याला तो बाधतो, म्हणून दम्याचं माणूस घरात असेल तर हे काम गॅलरीत करायचं.

चौथी अट: सळईला स्टँड हवा. गादीवर, वर्तमानपत्रावर ती ठेवायची नाही, आणि उठताना प्लग काढल्याशिवाय उठायचं नाही. इस्त्रीला जो नियम, तोच हिला.

पाचवी अट: पहिल्यांदा लावताना आवाजाचा पॉट शून्यावर. एकदम मोठा आवाज कानाला इजा करतो, हेडफोनमध्ये तर जास्तच.

डब्याविषयीही थोडं. बिस्किटांचा पत्रा पायाखाली चेपतो, आणि स्टीलच्या डब्याला भोक पाडताना ड्रिल घसरतं. ॲल्युमिनियम सर्वांत सोयीचं. प्लॅस्टिकचा डबा नको, कारण धातूचा डबा ग्राउंडला जोडला म्हणजे बाहेरची गुणगुण आत येत नाही. भोक पाडायच्या जागी आधी खिळ्याने खळगा करावा, डबा हातात न धरता शिकंज्यात आवळावा आणि डोळ्यांना चष्मा लावावा. भोकं सगळी रंगाच्या आधी. नंतर पाडली तर रंगाचे टवके उडतात.

आणि मैत्रिणींनो, सजावटीत तर आपला हात धरणारं कोण आहे! डबा पॉलिश पेपरने घासून साबणाने धुवा, वाळवा, आणि मग तेलकट हात लावू नका. आधी प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ थर. एकच जाड थर दिला तर ओघळ येतात आणि वाळायला दिवस लागतात. स्प्रे वापरायचा असेल तर गच्चीवर, शेगडी-समईपासून लांब. तो लगेच पेट घेतो. आतली बाजू रंगवू नका, कारण जॅकचा धातू डब्याच्या धातूला टेकायला हवा. रंग पक्का व्हावा म्हणून काही जण डबा ओव्हनमध्ये तापवतात. ज्यात आपण केक-नानकटाई भाजतो, त्या ओव्हनमध्ये हा प्रकार होऊ देऊ नका.

नक्षीसाठी मेंदीच्या कोनात ॲक्रिलिक रंग भरा. हात बसलेला असतोच, ठिपके आणि वेली सुरेख उठतात. गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं फार खुलतात. ठिपक्यांच्या रांगोळीचा नमुना काढायचा तर पॉटची मूठ मध्यबिंदू धरा. कुठली पिन आत आणि कुठली बाहेर, हे लिहायला विसरू नका. शेवटी वॉर्निशचे दोन पातळ हात. नाहीतर चपलेखाली नक्षी महिन्याभरात जाईल. हे हौसेपुरतंच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातली झी-व्हेक्स ही कंपनी हाताने रंगवलेल्या पेडलांसाठीच प्रसिद्ध झाली.

डबा बंद करण्याआधी एक परीक्षा. मल्टिमीटरची काळी तार ग्राउंडला आणि लाल कलेक्टरला लावली, तर साधारण ४ ते ६ व्होल्ट दिसायला हवेत. थेट ९ किंवा शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी डाग सुटलाय, किंवा ट्रान्झिस्टर उलटा बसलाय. पहिल्या खेपेला आवाज नाही आला, तर मूल हिरमुसतं, रागाने सगळं फेकायला निघतं. त्या वेळी "मी म्हटलंच होतं" हे शब्द तेवढे गिळा. उसवून पुन्हा शिवण्याची सवय आपल्याला आहे. तीच त्याला शिकवायची. एकेक जोड यादीशी ताडून पाहायला शेजारी बसलात तरी पुष्कळ झालं. विजेचं गणित पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे चूक शोधताना शिरतं, हे दहावीची काळजी करणाऱ्या वडिलांनाही सांगा.

मुलगी करत असेल तर तिला अडवू नका. फ्रॅन ब्लँच या बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेत 'फ्रॅनटोन' नावाने स्वतःची पेडलं काढली, आणि जगभरच्या वादकांनी ती वापरली. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी जेमी स्टिलमन यांनी घराच्या तळघरात सुरू केलेल्या पेडलांच्या उद्योगाचा, 'अर्थक्वेकर डिव्हायसेस'चा, कारभार पुढे त्यांची पत्नी ज्युली रॉबिन्स यांनी हाती घेतला. हाताला डाग पडेल ही भीती खरी. पण पोळ्या शिकताना तव्याचा चटका कुणाला चुकलाय? तेव्हा कुणी आपल्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं नव्हतं.

आणि दुपारच्या निवांत वेळी मुलांनी मांडलेला पसारा समोर असेल, तर एखादा डाग तुम्हीही लावून पाहा. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला हे काम अवघड नाही. डबा झाला, की त्यावर कोणती नक्षी काढलीत ते अवश्य कळवा.