दंडारीला चर्चच्या अंगणात जागा द्या

तरुण चर्चपासून का दुरावतात, हा प्रश्न निघाला की आमच्या मंडळ्यांमध्ये एक उत्तर तयार असतं : संगीत बदला. ड्रम आणा, मोठा पडदा लावा, मुंबई-हैदराबादच्या मोठ्या चर्चमध्ये वाजतात तशी गाणी घ्या. गोंदियात तरुण संघाचं काम करताना हे उत्तर मला दिवसेंदिवस अपुरं वाटू लागलं आहे. गिटारला माझा विरोध नाही, आमच्या संघात ती वाजते. पण ऑस्ट्रेलियात रचलेलं गाणं हिंदीत आणून सालेकसा तालुक्यातल्या मुलाला शिकवलं, म्हणजे चर्च त्याच्या जवळ आलं, हे मला मान्य नाही. आमच्यातल्या एका मुलीने हे सरळ सांगितलं : "दादा, गाणं चांगलं हाये, पण माह्या आजीले काहीच समजत नाही." तिच्या आजीला रोवणीची गाणी तोंडपाठ आहेत. ती गाणी चर्चमध्ये कधी कोणी विचारली नाहीत.

यावर ज्येष्ठ मंडळी म्हणतात, मग 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक आहेच की! त्यातली गीतं मलाही प्राणप्रिय आहेत. पण त्यातल्या कितीतरी गीतांचे कर्ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपल्या काळी काय केलं, ते आठवावं. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग आमच्या गोंदियातूनच जातो, त्यामुळे ही गोष्ट मुलांना सांगताना मला ती घरचीच वाटते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मंडळीत आले तेव्हा विलायती चालींवर बसवलेली गीतं तयार होती. टिळकांनी अभंग लिहिले, भजन-कीर्तनाला उपासनेत मान दिला. १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही बसायला जागा दिली. ख्रिस्ताचा झालेला माणूस आपल्या मातीला परका होतो, हा आरोप तेव्हाही होता. टिळकांनी त्याचं उत्तर रचनांमधून दिलं. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात ओवीबद्ध छापलं गेलं होतं.

या परंपरेचे वारस आपण आहोत. मग पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत राहून आपण झाडीचं काय घेतलं?

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार हे आमचं लोकनाट्य उभं राहतं, ढोलकी आणि टाळ घुमतात. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि थंडीत चादरी पांघरून बसलेली माणसं जागची हलत नाहीत. त्यांत आमच्या मंडळीतली मुलंही असतात, घरी न सांगता गेलेली. त्यांना तिथून ओढून आणण्यापेक्षा आम्ही त्यांनाच उधळ्या पुत्राची दंडार बसवायला सांगितलं. त्यांच्या दंडारीतला धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागतो, बांधी विकतो आणि हैदराबादला कामाला जातो. तिथे ठेकेदार मजुरी बुडवतो. परत येतो तेव्हा बाप चिखलात पऱ्हे लावत असतो आणि तसाच, चिखलाच्या हातांनी, त्याला मिठी मारतो. हे मुलांनी स्वतः रचलं. बघायला आलेल्यांत ख्रिस्ती कमी, शेजारीपाजारी जास्त होते. पण मिठीच्या प्रसंगाला ज्यांचे डोळे भरले ते मुख्यतः बाप होते, ज्यांची मुलं खरोखरच परराज्यात कामाला आहेत. उधळ्या पुत्राचा दाखला ज्यात आहे त्या लूकच्या पंधराव्या अध्यायावर मी ऐकलेल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या दंडारीत तो अध्याय मला अधिक उमगला.

दंडारीत फाजील विनोद असतात, ती चर्चला शोभत नाही, असं काही वडीलधारे म्हणतात. त्यांची काळजी मी समजतो. पण सोंगाड्याने कोणाची थट्टा करावी आणि कोणाची करू नये, हे आमची मुलं आपसांत चांगलं ठरवतात. बाईची आणि गरिबाची थट्टा त्यांनीच काढून टाकली. त्यांच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय हे कळलं नसतं.

गोंड घरांतून आलेल्या मुलांबाबत तर मला अधिक आग्रहाने बोलायचं आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगड या गोंडांच्या तीर्थस्थानी माघ पौर्णिमेला केवढा समुदाय लोटतो, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. गोंडांचा पुराणपुरुष पारी कुपार लिंगो याची कथा तिथल्या गुहेशी बांधलेली आहे. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गीत ऐकून उतरवून घेतलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. परदेशातून आलेला एक पाद्री ते गीत ऐकायला बसू शकतो, तर आपल्या मुलाच्या आजोबांचं गीत आपल्याला वर्ज्य का वाटावं? कचारगडच्या यात्रेची निंदा करून मिळालेला एकही विश्वासणारा मला नको.

आणि हे केवळ गाण्या-नाटकाचं काम नाही. जुलैत रोवणी सुरू झाली की सकाळच्या उपासनेला बाया येऊ शकत नाहीत. त्यांची रोजी बुडते. मेमध्ये तेंदूपत्त्याच्या दिवसांत तीच गोष्ट. पहाटे रस्त्यावर धावणारी आमची अर्धी मुलं पोलीस भरतीच्या तयारीत असतात, आणि भरतीत नाव न आलेल्याला मंडळीत तोंड दाखवायची लाज वाटते. अशा मुलाच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जाऊन बसायला हवं. पुढच्या रविवारी वेदीवरून त्याच्यासाठी सांत्वनाचं वचन वाचणं पुरणार नाही.

म्हणून माझी जिल्ह्यातल्या पाळकसाहेबांना आणि पंचांना विनंती आहे. रोवणीच्या दिवसांत उपासना संध्याकाळी घ्या, जमल्यास गावातच, एखाद्या ओसरीवर. यंदाच्या नाताळात एक रात्र पूर्णपणे तरुणांच्या हाती द्या. छापील नाटुकली देऊ नका, भाषाही ठरवून देऊ नका. मंडईत दंडार करणाऱ्या गावातल्या जुन्या कलावंताला शिकवायला बोलवा, तो कोणत्याही धर्माचा असो, आणि त्याला मंडळीच्या खर्चातून योग्य बिदागी द्या. मंडप चर्चच्या आत नको, अंगणात घाला.