गणन म्हणजे वाचन नव्हे

अवाचित लिपीतील चिन्हे संगणकाने मोजली की तिचा अर्थ अर्धाअधिक हाती आला, असा समज अलीकडे बळावला आहे. तो मुळातच सदोष आहे. सिंधू चिन्हांचा क्रम स्वैर नाही आणि ताठरही नाही, तो भाषेतील क्रमासारखा आहे, असे २००९ मध्ये राजेश राव, इरावतम् महादेवन आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी एंट्रॉपीच्या आधारे मांडले. भाषा नसलेल्या चिन्हव्यवस्थाही असेच आकडे देतात, हा रिचर्ड स्प्रोट यांचा त्यावरील आक्षेप. या वादाचा निर्णय काहीही लागो; ‘भाषेसारखे असणे’ आणि ‘काही विवक्षित सांगणे’ यांतील अंतर आकडा ओलांडू शकत नाही.

महानुभावांच्या सकळ लिपीचेच उदाहरण घ्यावे. तीत अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह येते. म्हणून चिन्हांची वारंवारता मूळ मराठीचीच राहते. वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा यातला एकही आकडा बदलला नाही. बदलले ते एवढेच, की कुलूपबंद पोथी मराठी वाङ्मय झाली.

वारंवारतेवरून अशी किल्ली शोधता येते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु त्यासाठी आधी मराठी यावी लागते. सिंधू लेखांची भाषाच अज्ञात आहे आणि एकेक लेख सरासरी पाचच चिन्हांचा! तेथे मोजणी क्रम दाखवील, अर्थ नव्हे. समीक्षेने आकड्यांचे स्वागत अवश्य करावे. अर्थनिर्णयाची जबाबदारी मात्र त्यांच्या गळ्यात बांधू नये.