सिंगल माल्ट भेट देताय? बाटलीवरचं वय नव्हे, घेणाऱ्याची आवड बघा

परदेशातून येणारा भाचा मामासाठी ड्युटी फ्री दुकानात सिंगल माल्ट शोधतो, तेव्हा हिशेब साधा असतो : १२ वर्षांपेक्षा १८ वर्षांची महाग, म्हणजे तीच चांगली. हा हिशेब फसवा आहे.

वय काय सांगतं?
सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की. लेबलवरचं वय हे त्या बाटलीतल्या सर्वांत कमी मुरलेल्या व्हिस्कीचं असतं. पिंपात ती किती वर्षं होती, एवढंच त्यावरून कळतं. चव कळत नाही.

मग निवडायची कशी?
स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइग, आर्डबेग यांना पीटच्या धुराचा उग्र वास असतो. सवय नसलेल्याला तो औषधासारखा वाटतो. स्पेसाइड भागातल्या ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक तुलनेने सौम्य. पहिल्यांदाच सिंगल माल्ट घेणाऱ्याला १२ वर्षांची अशी बाटली पुरेशी.

भारतीय का नको?
बंगळुरूची अमृत आणि गोव्याची पॉल जॉन जगभर विकल्या जातात. आपल्या उष्ण हवेत व्हिस्की लवकर मुरते. त्यामुळे त्यांच्या अनेक बाटल्यांवर वय नसतं. म्हणून त्या कमअस्सल ठरत नाहीत.

सर्वांत आधी मात्र एक खात्री हवी : मामा अजून घेतात ना? डॉक्टरांनी बंद केलेल्या माणसाच्या हाती बाटली देणं ही भेट नव्हे, पंचाईत आहे. त्यांना विचारायला संकोच वाटत असेल, तर मामीला फोन करावा.