चिन्नोर आणि चार हजार तास

चार हजार तास म्हणजे अखंड १६६ दिवस आणि वर १६ तास. गेल्या बारा महिन्यांत प्रेक्षकांनी एखाद्या चॅनेलचे व्हिडिओ मिळून एवढा वेळ पाहिले आणि सबस्क्रायबर हजारावर गेले, की यूट्यूब त्या चॅनेलला जाहिरातीच्या पैशात वाटेकरी करून घेतं. ही अट २०१८च्या जानेवारीत आली. त्याआधी एकूण दहा हजार व्ह्यूजवर भागत होतं. शॉर्ट्सवाल्यांची वाट वेगळी आहे, त्यांना नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. २०२३पासून पाचशे सबस्क्रायबर आणि तीन हजार तासांवर एक खालची पायरीही मिळते. मात्र त्या पायरीवर प्रेक्षकांकडून सदस्यत्वाचे वगैरे पैसे घेता येतात, जाहिरातींचा वाटा नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून सिवनीच्या रस्त्याला लागलं की लालबर्रा येतं. तहसिलीचं गाव, भोवती धानाच्या बांध्या, जवळच सोनेवानीचं जंगल. समजा, इथल्या एखाद्या पोरानं चॅनेल काढलं. त्याचा प्रेक्षक सरासरी तीन मिनिटं थांबला, तर चार हजार तास भरायला ऐंशी हजार व्ह्यूज हवेत. तोच प्रेक्षक मिनिटभरात पळाला, तर दोन लाख चाळीस हजार. हा हिशेब पाटीवर मांडला असता तर पुढची बरीच धावपळ वाचली असती. पण पोरगा मोबाईल काढतो आणि 'व्ह्यूज कसे वाढवायचे' असं शोधतो.

मग सल्ल्यांचा बाजार उघडतो. संध्याकाळी सहालाच टाका, तीस टॅग लावा, ही गुप्त सेटिंग चालू करा. हे सल्ले देणारे व्हिडिओ स्वतः मात्र शोधात वर असतात, आणि ते टॅगांमुळे नव्हे. हजारो लोक जो प्रश्न टाइप करतात, नेमका तोच प्रश्न त्यांनी शीर्षकात घेतलेला असतो. सल्लागारांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या वागण्यातून जास्त शिकता येतं. टॅगांबद्दल तर खुद्द यूट्यूबच्या मदतपानावर लिहिलेलं आहे की व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा आहे. ते उपयोगी पडतात मुख्यतः लोक एखादा शब्द नेहमी चुकीचा लिहीत असतील तेव्हा.

व्ह्यूजचा आकडा पूर्वीपासून बेभरवशाचा. जुन्या यूट्यूबप्रेक्षकांना आठवत असेल, नवा व्हिडिओ जोरात चालू लागला की आकडा ३०१वर अडकून बसायचा. तिथून पुढे हे व्ह्यूज माणसांचे की यंत्रांचे, याची छाननी व्हायची. २०१५च्या ऑगस्टमध्ये ते अडकणं बंद झालं. त्याहून मोठा बदल २०१२च्या ऑक्टोबरमधला. तोवर ज्याच्यावर जास्त टिचक्या तो वर, असा सरळ हिशेब होता, आणि लोकांनी त्याचा सरळ गैरफायदा घेतला. चित्र एक, आत भलतंच. प्रेक्षक फसून आत यायचा, पाच सेकंदांत बाहेर पडायचा, आणि व्ह्यू मात्र जमा. त्या ऑक्टोबरपासून यूट्यूब किती वेळ पाहिलं ते मोजून शोधातली जागा ठरवू लागलं. पुढे प्रेक्षक समाधानी आहे का, याचीही चाचपणी त्यात आली. तरी आकड्याची हाव सुटली नाही. २०१९च्या जुलैमध्ये बादशाहच्या 'पागल' या गाण्यानं चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळवल्याचा गाजावाजा झाला. त्यात जाहिरात म्हणून दाखवलेले व्ह्यूजही होते. दोन महिन्यांतच यूट्यूबनं जाहीर केलं की पैसे देऊन दाखवलेले व्ह्यूज चोवीस तासांच्या विक्रमात धरणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एका पार्श्वगायिकेनं आपल्या नावाच्या खोट्या खात्याची तक्रार केली, आणि मुंबई पोलिसांचा तपास थेट खोटे फॉलोअर्स विकणाऱ्यांच्या धंद्यापर्यंत पोचला.

शॉर्ट्सचं तर ३१ मार्च २०२५पासून असं झालंय, की व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू लागतो. अंगठा पुढे सरकवताना क्षणभर दिसलेली रीळसुद्धा मोजली जाते. त्या तारखेनंतर अनेकांचे आकडे फुगले आणि गावात पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. पैशाच्या हिशेबाला मात्र यूट्यूब आतल्या बाजूनं वेगळा, खरोखर पाहिल्याचा आकडा धरतं.

आता व्हिडिओ लोकांपर्यंत जातो कसा? मुख्य रस्ते दोन. एक, माणूस काही शोधतो आणि समोर यादी येते. दुसरा, माणूस काहीच शोधत नाही आणि यूट्यूब आपणहून सुचवत राहतं. यूट्यूबचे तेव्हाचे अधिकारी, आणि आता मुख्याधिकारी, नील मोहन यांनी २०१८मध्ये सांगितलं होतं की पाहण्यातला सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ या सुचवण्यातून येतो. ते ऐकून सगळे सुचवण्याच्या मागे धावले. पण सुचवायला आधी माहिती लागते. हा व्हिडिओ कुणी पाहिला, कुणाला आवडला, ते लोक आणखी काय पाहतात. नव्या चॅनेलकडे ही शिदोरीच नसते. त्याला पहिला भरवशाचा प्रेक्षक शोधातून मिळतो, कारण शोधणारा स्वतःची गरज घेऊन आलेला असतो. शोधात शीर्षक, वर्णन आणि व्हिडिओतला मजकूर हे विचारलेल्या शब्दांशी किती जुळतात ते पाहिलं जातं, आणि त्याच शब्दांनी आलेले आधीचे लोक टिकले की परतले, हेही. म्हणजे शीर्षकात खोटं लिहिणाऱ्याला आलेला प्रत्येक पाहुणा तक्रार नोंदवूनच जातो.

शीर्षक कसं असावं हे शिकायचं तर पुण्या-मुंबईच्या कार्यशाळांपेक्षा बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ पाहावेत. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. १६ डिसेंबर २०२१ला महाराष्ट्रात त्यांना अटींवर पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या सात वर्षांत खेड्याखेड्यांत जिओ पोचलं होतं. त्यामुळे शर्यती परतल्या त्या थेट मोबाईलवर. या व्हिडिओंच्या शीर्षकात 'थरारक', 'एकदा पाहाच' असली भरताड असते, नाही असं नाही. पण काम करतात ती नावं. कुठल्या मैदानावर, कुठला फेरा, कुठला बैल. बकासूर आणि मथूर ही नावं माणसं सिनेमाच्या नटांसारखी शोधतात. शर्यत कुठं झाली ते ठाऊक नसलेला चाहता बैलाचं नाव टाकतो आणि बरोबर पोचतो. भंडारा, गोंदिया, बालाघाट या पट्ट्यात हाच खेळ शंकरपट. तिथल्या पटाचा व्हिडिओ टाकणाऱ्यानं नुसतं 'बैलगाडा शर्यत' लिहिलं, तर तो पश्चिम महाराष्ट्राच्या गर्दीत हरवणार. गावाचं नाव, तारीख आणि 'शंकरपट' लिहिलं तर पाहणारे कमी, पण शेवटपर्यंत पाहणारे. कारण त्यांची जोडी त्या पटात धावलेली असते.

गर्दीतून बाजूला होण्याचं याहून मोठं उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. मधुरा बाचल यांनी २००९मध्ये अमेरिकेत असताना इंग्रजीतून पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले. इंग्रजीत भारतीय स्वयंपाक शिकवणारे तेव्हाही पुष्कळ होते. २०१६मध्ये त्यांनी वेगळं मराठी चॅनेल काढलं आणि ते इंग्रजीच्या कितीतरी पुढे गेलं. होळीच्या आदल्या दिवशी पुरणपोळी मराठीतूनच शोधणारा एवढा मोठा समाज आहे, हे तोवर फार कुणी मोजलं नव्हतं. भाषा छोटी केली की बाजार छोटा होतो, ही समजूत शोधाच्या बाबतीत उलटी पडते.

अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे सत्तरीच्या आसपासच्या होत्या, तेव्हा नातू यश पाठक यानं त्यांना पावभाजी करायला सांगितली. त्यांनी व्हिडिओ पाहून ती केली, घरी सगळ्यांना आवडली, आणि २०२०मध्ये 'आपली आजी' हे चॅनेल सुरू झालं. पुढे ज्यानं नाव झालं तो पदार्थ मात्र पावभाजी नव्हे, कारल्याची भाजी. घरचा मसाला घालून, गावाकडच्या पद्धतीनं केलेली. पावभाजीचे व्हिडिओ पैशाला पासरी होते. आजीचं कारलं एकच होतं. (कारलं पाहायला लाखो लोक जमतील असं कुठल्याही सल्लागारानं सांगितलं नसतं, हे इथं नोंदवायलाच हवं.)

बालाघाटला ही उदाहरणं लांबची वाटत असतील, तर रायपूर जिल्ह्यातलं तुलसी पाहावं. साधारण चार हजार वस्तीचं गाव. २०१८मध्ये जय वर्मा आणि ज्ञानेंद्र शुक्ला या मित्रांनी 'बीइंग छत्तीसगढिया' चॅनेल काढलं, छत्तीसगढीत. आज गावातली हजारभर माणसं या ना त्या रीतीनं व्हिडिओंच्या कामात आहेत आणि २०२३मध्ये तिथं सरकारी मदतीनं स्टुडिओ उभा राहिला. तुलसीला बोलीचा आधार होता, कारण छत्तीसगढी बोलणारे दीड कोटीच्या वर. बालाघाटकडच्या पोवारी बोलीचं तसं नाही. २०११च्या जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजलेली आहे आणि बोलणारे काही लाखच. पोवारीत गाणं किंवा विनोदी प्रसंग जरूर करावा, त्याला बालाघाट, सिवनी, गोंदिया, भंडारा या चारही जिल्ह्यांतून दाद मिळेल. पण शीर्षकात आणि वर्णनात हिंदी-मराठीतही विषय लिहावा. पोवारी बोलणारा माणूस मोबाईलवर पोवारीत टाइप करतोच असं नाही, बहुतेकदा तो हिंदी शब्द रोमन अक्षरांत लिहितो.

रोमन अक्षरांचा घोळ लालबर्रानं पुरेपूर भोगलाय. कुणी 'बी'नंतर 'ए' लिहितो, कुणी 'यू'. याच जिल्ह्यातलं वारासिवनी हा एक शब्द की दोन, यावर तर कागदपत्रांतही एकमत नाही. टॅगांचा उरलासुरला उपयोग इथंच. ही सगळी रूपं त्यात टाकून मोकळं व्हावं, आणि शीर्षकात एकच रूप, सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. कुठलं जास्त वापरतात हे पाहायला गूगल ट्रेंड्स फुकट आहे. त्यात 'यूट्यूब शोध' असा वेगळा पर्याय असतो, तो निवडायला लोक विसरतात. लहान गावाच्या नावावर तिथं पुरेसा आकडा निघत नाही. मग यूट्यूबच्या शोधपट्टीत दोन अक्षरं लिहून खाली काय काय सुचतं ते पाहणं हा गावठी पण खात्रीचा उपाय. शेतीच्या शब्दांना तर याची फारच गरज. कोकणातलं पोरगं 'भात लावणी' लिहितं, आणि नुसतं 'लावणी' लिहिलं तर समोर घुंगरू वाजायला लागतात. पूर्व विदर्भात आणि इकडे रोवणीच चालते.

आता चिन्नोर. बालाघाटच्या या सुवासिक, उशिरा पिकणाऱ्या तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'हमारे गांव की खेती' या नावाचा व्हिडिओ कुणी शोधणार नाही. पण चिन्नोरचं बी कुठं मिळतं, इतर सुवासिक वाणांशी त्याची भेसळ कशी ओळखायची, शिजवताना पाणी किती घालायचं, आज भाव काय, हे प्रश्न माणसं खरोखर विचारतात. रोपवाटिकेपासून मळणीपर्यंत एकाच बांधीवर उभं राहून प्रत्येक प्रश्नाचा एक व्हिडिओ केला, तर पुढच्या खरिपात तोच व्हिडिओ पुन्हा शोधला जातो. गाजलेली रीळ आठवड्यात शिळी होते. रोवणीचा व्हिडिओ मात्र दर आषाढात परत जागा होतो, आणि चार हजार तास भरतात ते असल्या परतीच्या प्रेक्षकांनी.

चित्राबद्दल, म्हणजे थंबनेलबद्दल, फार लिहायला नको. तोंड वासलेला चेहरा आणि लाल बाण यांची साथ ओसरेल तेव्हा ओसरेल. तोवर यूट्यूबनं दिलेली तीन चित्रं लावून तुलना करण्याची सोय वापरावी. तीत जिंकतं ते चित्र जास्त टिचक्या आणणारं नसतं, जास्त वेळ पाहायला लावणारं असतं.

पैशाचं काय, हा प्रश्न उरतोच. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातीतून ५५ टक्के व्हिडिओवाल्याला मिळतात, शॉर्ट्समधून त्याच्या वाट्याच्या रकमेतले ४५. लहान चॅनेलचे हे पैसे हातखर्चाच्या पुढे क्वचित जातात. सारोळा कासारच्या आजींकडे प्रेक्षकांनी मसाला मागितला आणि मसाला विक्रीला आला. मधुरा बाचल यांचेही मसाले बाजारात आहेत. तांदळाची पद्धत शोधणारा माणूस तांदूळ विकत घेणाराही असतो, त्यामुळे लालबर्रातल्या शेतकऱ्याच्या वर्णनपेटीत पहिल्या दोन ओळींत भाव आणि मागवण्याची पद्धत असायला हवी. त्याखालचा मजकूर पेटी उघडल्याशिवाय दिसत नाही. पाकीटबंद विकायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. आणि मानांकनाची खूण पाकिटावर छापायची असेल तर १९९९च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. त्याचा अर्ज वेगळा असतो, आणि तो चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात जातो.