हंता विषाणू: रुग्णापासून उंदरापर्यंतचा माग अपुराच

तामिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर. आसपासच्या भातखाचरांत आणि धान्याच्या कोठारांत माणूस व उंदीर यांचा संपर्क नित्याचा आहे. अशा भागातील रुग्णाला तीव्र ताप आला, प्लेटलेट घटल्या आणि मूत्रपिंडावर परिणाम झाला, तर पहिला संशय लेप्टोस्पायरोसिस किंवा डेंग्यूचा घेतला जातो. हंता विषाणूची चाचणी नेहमीच्या तपासण्यांत नसते. त्यामुळे या आजाराचे भारतातील खरे प्रमाण समजणे कठीण झाले आहे.

विशेष म्हणजे या गटातील एक विषाणू तामिळनाडूतच सर्वप्रथम हाती लागला होता. १९६४ साली वेल्लूर येथे चिचुंद्रीच्या शरीरातून 'थोट्टापालयम' विषाणू वेगळा करण्यात आला. तो हंता गटातील असल्याचे मात्र पुढे स्पष्ट झाले. ज्याच्यावरून या गटाला नाव मिळाले, तो कोरियातील 'हांतान' विषाणू १९७८ मध्ये जगापुढे आला.

त्यानंतर वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात रक्ततपासण्या केल्या. गोदाम कामगार आणि उंदीर पकडणाऱ्या इरुळा समाजातील काही व्यक्तींमध्ये या विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली.

परंतु प्रतिपिंडांवरून माग पूर्ण होत नाही. या गटातील विषाणू परस्परांशी मिळतेजुळते असल्याने नेमका कोणता विषाणू शरीरात शिरला, हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातील विषाणूचे जनुकीय घटक मिळवावे लागतात आणि त्याच्या घराभोवती किंवा शेतात पकडलेल्या उंदरांमधील विषाणूशी ते ताडून पाहावे लागतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात अनेक तरुण श्वसनविकाराने दगावले, तेव्हा याच पद्धतीने 'डिअर माउस' जातीच्या उंदरापर्यंत पोहोचता आले.

निदानाला व्यावहारिक महत्त्वही आहे. लेप्टोस्पायरोसिसवर प्रतिजैविके गुणकारी ठरतात. हंता विषाणूवर त्यांचा उपयोग होत नाही. तेथे अतिदक्षता उपचार आणि प्रसंगी डायलिसिस यांवरच भिस्त असते.

मुंबई आणि कोकणात दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण आढळतात. ज्यांची लेप्टो व डेंग्यूची चाचणी नकारात्मक येते, अशा गंभीर रुग्णांचे रक्तनमुने हंता विषाणूसाठी तपासले गेले, तर या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातही शोधता येईल. तोवर खबरदारी एकच: उंदरांची विष्ठा कोरडी झाडू नये, जंतुनाशकाने भिजवून मगच पुसावी.