गायी, कॉलेजं आणि सात मिनिटं



ऑगस्ट सरत आला. आमच्या नॉर्थफील्डची या महिन्याची खबरबात सांगते. मका आता माणसाच्या डोक्यावर गेलाय. शेतकरी रस्त्याच्या कडेला टेबल मांडून कोवळी कणसं ठेवतात, शेजारी पैसे टाकायला एक डबा. विकायला कोणी बसलेलं नसतं. तुम्ही कणसं उचला, पैसे टाका, चालू लागा. नदीकाठच्या सीरियलच्या कारखान्याकडून वारा आला की गावभर गोडसर भाजका वास पसरतो. आज चॉकलेटवालं सीरियल बनतंय की दुसरं, हे पोरं नाकाने ओळखतात. विद्यार्थी अजून सुट्टीवर आहेत, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळते. सप्टेंबरात ते परतले की ही चैन संपेल.

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख. नॉर्थफील्ड हे मिनेसोटा राज्यातलं सुमारे 20 हजार वस्तीचं गाव, मिनियापोलिसच्या दक्षिणेला साधारण 65 किलोमीटर. एवढ्याशा गावात दोन कॉलेजं: 1866 चं कार्लटन आणि नॉर्वेहून आलेल्या लोकांनी 1874 मध्ये काढलेलं सेंट ओलाफ. गावाचं ब्रीदवाक्यच आहे, ‘गायी, कॉलेजं आणि समाधान’.

अशा समाधानी गावात दर सप्टेंबरला मात्र भर चौकात बंदुका कडाडतात! ‘जेसी जेम्सच्या पराभवाचे दिवस’ असा गावाचा उत्सव असतो. यंदा त्याला वेगळं महत्त्व आहे, कारण येत्या 7 सप्टेंबरला त्या घटनेला 150 वर्षं पूर्ण होतील.

7 सप्टेंबर 1876. दुपारची वेळ. आठ घोडेस्वार गावात आले. ती जेम्स आणि यंगर भावांची टोळी होती, बँका आणि रेल्वेगाड्या लुटणारी. तिघे फर्स्ट नॅशनल बँकेत शिरले, बाकीचे बाहेर पहाऱ्यावर. बँकेचा नेहमीचा रोखपाल फिलाडेल्फियाचं मोठं प्रदर्शन बघायला गेला होता. त्याच्या जागी बसला होता जोसेफ ली हेवुड, वय 39. बँकेत हिशेबनीस, शिवाय कार्लटन कॉलेजचा खजिनदार. घरी बायको आणि लहान मुलगी.

तिजोरी उघड, म्हणून त्याच्यावर पिस्तूल रोखलं. तो म्हणाला, तिला वेळेचं कुलूप आहे, आत्ता उघडणार नाही. त्याला मारहाण झाली, गळ्याला सुरी लावली, तरी तो बधला नाही. तिजोरीत सुमारे 15 हजार डॉलर होते, आणि गंमत म्हणजे त्या वेळी ती कुलूपबंद नव्हतीच, असं सांगतात. कोणी दरवाजा ओढूनच पाहिला नाही!

तोवर बाहेर आरडाओरडा झाला. हार्डवेअरच्या दुकानातून बंदुका निघाल्या, सुट्टीवर आलेला एक वैद्यकीचा विद्यार्थी समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून नेम धरून बसला. साधारण सात मिनिटांत खेळ आटोपला. टोळीतले दोघे रस्त्यातच मेले. बाकीचे पळाले, पण जाता जाता त्यांनी हेवुडला गोळी घातली. लूट किती? 26 डॉलर आणि वर थोडी चिल्लर.

‘दुसऱ्याच्या पैशासाठी जीव कशाला द्यायचा?’ असं तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेलच. पण तेव्हा ठेवींना विमा नव्हता. अमेरिकेत तो आला 1933 च्या कायद्याने. 1876 मध्ये बँक लुटली गेली की शेतकऱ्याचे गहू विकून आलेले पैसे गेले, कॉलेजची शिल्लक गेली. ठेव अडकल्यावर घरात कशी शांतता पसरते, हे आपल्याकडच्याही अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. हेवुड ज्यांचे पैसे राखत होता, ती माणसं त्याला रोज रस्त्यात भेटत होती.

बँकेची ती इमारत आज संग्रहालय आहे. उत्सवात घोडे, बंदुका, धूर असं सगळं नाट्य पुन्हा होतं. पोरं दरोडेखोरांच्या टोप्या घालून मिरवतात, कागदी ताटलीतून तळलेलं काहीबाही खातात. नाव जेसी जेम्सचं, कारण पोस्टरवर तेच खपतं. पण हेवुडच्या थडग्यापाशी प्रार्थना होते, आणि गावासाठी निःस्वार्थ काम करणाऱ्याला दर वर्षी त्याच्या नावाचा सन्मान मिळतो. मला उत्सवातला हा भाग जास्त आवडतो.

त्या दिवशी गावचा आणखी एक माणूस गेला. निकोलस गुस्ताव्हसन, जवळच्या वस्तीत राहणारा स्वीडिश तरुण, नुकताच या देशात आलेला. रस्ता रिकामा करा म्हणून दरोडेखोर ओरडत होते. त्याला इंग्रजी समजत नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला, असं गावात सांगतात. त्याला गोळी लागली आणि काही दिवसांनी तो वारला.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई बडोद्याहून आल्या होत्या. आम्ही त्यांना ते नाट्य दाखवायला नेलं. गोळ्यांच्या आवाजात त्यांनी मला विचारलं, “ते घोड्यावरचे काय ओरडत होते गं?” मी म्हटलं, “घरात जा, असं.” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग मीही उभीच राहिले असते.”

तेव्हापासून या गोष्टीत मला हेवुडइतकाच गुस्ताव्हसन दिसतो. गावात नवीन आलेला माणूसही त्या गावाच्या इतिहासात असतो, कधी कधी नुसता चुकीच्या वेळी रस्त्यात उभा असतो म्हणून.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे पणजोबा-खापरपणजोबा असेच परक्या मुलखात आले, गायकवाडांच्या राज्यात कारकुनी करायला, हिशेब लिहायला. त्यांनाही गुजराती आधी कुठे येत होती? आपल्या घराण्यांच्या गोष्टींत लढाया, सरदार, मोहिमा भरपूर असतात. वह्या नीट ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही. या गणपतीत सगळे एकत्र जमाल, तेव्हा आजी-आजोबांना विचारा: आपल्याकडचं पहिलं माणूस इथे आलं तेव्हा काय काम करत होतं, आणि त्याला इथली भाषा कोणी शिकवली? उत्तर मिळालं तर लिहून ठेवा. मलाही कळवा.

आमच्याकडे गणपती 14 तारखेला बसतील. ओला नारळ इथे स्वप्नातच, त्यामुळे मोदकांना गोठवलेला कीस. तो आणायलाही मिनियापोलिसच्या बाजूला जावं लागतं. मोदक फुटले की नाही, ते पुढच्या पत्रात.